करप्यावरची पुडी आणि आपली पिंपरी

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. विषय शेतीतल्या रोगांचा आहे, पण त्याची मुळं आपल्या पिंपरीत आहेत, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात चाकणला एका कृषी सेवा केंद्रात उभा होतो. माझ्या पुढे एक पोरगा. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. पहिली पाळी सुटल्यावर थेट आलेला. म्हणाला, "कांद्याची पात करपलीय. करप्यावर चांगलं काहीतरी द्या." दुकानदाराने एक शब्द न विचारता काउंटरवर तीन वस्तू ठेवल्या. एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि एक छोटी पुडी. पुडीवर बोट ठेवून म्हणाला, "ही टाकाच. अँटिबायोटिक आहे. पिंपरीचं औषध म्हणायचे पूर्वी याला."

पोराने पैसे दिले, पिशवी हँडलला अडकवली आणि निघाला. कांद्याच्या करप्यावर त्या पुडीचा काडीचा उपयोग नव्हता. त्याला सांगावं की नाही, सांगितलं तर दुकानदाराला काय वाटेल, या विचारात मी होतो तेवढ्यात तो रस्त्याला लागलासुद्धा. त्या दिवशी तोंडातल्या तोंडात राहिलेलं आज लिहून टाकतो.

आधी 'करपा' या शब्दाबद्दल. आपल्याकडे पान जळल्यासारखं दिसलं की तो करपा. बटाट्याचा करपा, टोमॅटोचा करपा, भाताचा करपा, कांद्याचा करपा. शब्द एकच, पण रोग करणारे वेगवेगळे. बटाटा-टोमॅटोवरचा उशिराचा करपा एका बुरशीसारख्या जीवामुळे होतो. याच रोगाने १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडालं आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. भातावरचा नेहमीचा करपा बुरशीचा. भाताचाच कडा करपा मात्र जिवाणूचा. कांद्यावर जांभळा, तपकिरी आणि काळा असे तीन करपे येतात, तिन्ही बुरशीचे. अँटिबायोटिकची ती पुडी जिवाणूसाठी आहे. बुरशीला तिचं काही सोयरसुतक नाही. म्हणजे 'करप्यावर काहीतरी द्या' हे वाक्य 'तापावर काहीतरी द्या' असं आहे. ताप मलेरियाचा आहे की टायफॉइडचा, हे न बघता गोळी द्यायची.

आता जरा मागे जाऊ. पुडी यायच्या आधी आपल्या भागात रोगाशी लोक कसे लढत होते?

खेड तालुक्याचा बटाटा जुना. या बटाट्यातला एक जुना रोग म्हणजे 'बांगडी'. रोगट बटाटा आडवा कापला की आत तपकिरी कडं दिसतं, म्हणून बांगडी. हा जिवाणूचा रोग. झाड भर दुपारी माना टाकतं आणि परत उठत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांच्या काळात, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, पश्चिम भारतातल्या बटाटा शेतीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. हे तेच मॅन, ज्यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावच्या जमिनीचा, कर्जाचा आणि कष्टाचा हिशोब पुस्तकात मांडला. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या आहेत आणि तिथे कधी शेती होती हे मुलांना खोटं वाटतं.

बांगडीवर तेव्हा फवारायला काही नव्हतं. उपाय होते ते असे: बेणं निरोगी घ्या. कापताना एकाच विळीने सगळं बेणं कापू नका, विळी पुसून घ्या. त्याच रानात लागोपाठ बटाटा लावू नका. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात पळवू नका. रोगाला आत येऊच द्यायचं नाही, ही त्यामागची समज. कष्टाची होती, सावकाश फळ देणारी होती. आणि मोठी साथ आली की तोकडी पडायची, हेही खरं. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही.

मग आली आपली एच.ए. कंपनी.

१९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत, सरकारची मालकी, आणि पंडित नेहरूंचं स्वप्न. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला हा पहिला औषध कारखाना. १९५५ पासून पेनिसिलीन निघायला लागलं. तेव्हा एमआयडीसी नव्हती, ती १९६२ ची. नगरपालिका नव्हती, ती १९७० ची. टेल्को नव्हती. पिंपरी-चिंचवडला 'उद्योगनगरी' म्हणायची सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं, तर मी एच.ए.च्या गेटकडे बोट दाखवीन.

आपण मात्र एक गोष्ट विसरलो. ही नुसती इंजेक्शनच्या बाटल्या भरणारी कंपनी नव्हती. तिथे संशोधन केंद्र होतं, स्वतःचं शोधपत्रक निघायचं, आणि तिथली माणसं मातीत औषध शोधायची. खरोखर मातीत. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळवलं होतं. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो ना, तो ज्या जातकुळीच्या जीवांमुळे येतो, त्यांतलाच हा एक. क्षयरोगावरचं ते पहिलं खरं औषध. त्यानंतर जगभर शास्त्रज्ञ आपापल्या गावची माती तपासायला लागले. पिंपरीतही तेच झालं.

पिंपरीत हे काम करणाऱ्यांत पुढे होते डॉ. एम. जे. तिरुमलाचार. मूळचे म्हैसूरकडचे, बुरशीशास्त्रातलं मोठं नाव. त्यांच्या गटाला १९६० च्या आसपास मातीत एक नवा जीव सापडला. त्याचं नाव ठेवलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. आपल्या पिंपरीचं नाव! त्यातून निघालेल्या औषधाचं नाव हॅमायसीन, त्यातही हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरं. माणसाच्या बुरशीजन्य रोगांवर ते वापरलं गेलं. शाळेत आपल्याला हे कधी कुणी सांगितलं का? मला तरी नाही.

याच केंद्रातून १९६४ मध्ये 'ऑरिओफंगीन' आलं. हे पिकांसाठी उपयोगी पडलं. बुरशीवर चालणारं आणि झाडाच्या अंगात शोषलं जाणारं प्रतिजैविक. तमिळनाडूत नारळाच्या खोडाला लागणाऱ्या रोगावर हे औषध मोरचुदाबरोबर मुळांवाटे पाजायची शिफारस पुढे वर्षानुवर्षं चालू राहिली. कुठे तंजावरचा नारळ आणि कुठे पिंपरीची प्रयोगशाळा!

कारखाना माणसांच्या औषधांचा, मग तिथे झाडांच्या रोगांचा विचार कसा शिरला? कारण पुणे. पिकांच्या जिवाणूजन्य रोगांचा अभ्यास भारतात खऱ्या अर्थाने रुजला तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. प्रा. एम. के. पटेल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून एकामागून एक रोग शोधले, त्यांच्या जिवाणूंना नावं दिली. त्याआधी झाडाला बुरशी लागते हे माहीत होतं, जिवाणूही लागतो हे फारसं कुणी बघत नव्हतं. पुढे १९५९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल या तिघांच्या नावाने एक छोटा लेख आला. विषय: भाताचा कडा करपा. भारतातली या रोगाची ही पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते, आणि तो भात होता आपल्या शेजारच्या कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडमधला.

चारच वर्षांनी, १९६३ मध्ये, बिहारच्या शाहाबाद जिल्ह्यात याच रोगाची मोठी साथ आली. पुढे जास्त उत्पन्नाच्या बुटक्या जाती आल्या, त्यांना युरिया भरपूर लागायचा, पानं हिरवीगार आणि लुसलुशीत व्हायची, आणि कडा करप्याला त्यापेक्षा दुसरं काय हवं? हरितक्रांतीच्या पाठीला पाठ लावून हा रोग देशभर फिरला.

या सगळ्या पार्श्वभूमीवर ती पुडी आली. नाव स्ट्रेप्टोसायक्लीन. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन, एक भाग टेट्रासायक्लीन. अमेरिकेत १९५० च्या दशकात सफरचंद आणि नाशपातीच्या जिवाणूजन्य रोगावर अशीच जोडी फवारायला सुरुवात झाली होती. पिंपरीत स्ट्रेप्टोमायसीन माणसांसाठी बनत होतंच, तेच पिकाच्या मापात आलं. सहा ग्रॅमची पुडी, पंपात विरघळायची, बरोबर ताम्रयुक्त औषध.

ती शेतकऱ्याला का आवडली हे समजून घ्या, नाहीतर त्याला उगाच दोष दिल्यासारखं होईल. लिंबावरचा खैऱ्या, भाताचा कडा करपा, टोमॅटोवरचे जिवाणूजन्य ठिपके, यांवर बुरशीनाशक चालत नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण होतं, पण ते पानावर बाहेर बसतं, आत गेलेल्या रोगाला ते काय करणार? ही पुडी थोडी आत जायची. स्वस्त होती, सरकारी कंपनीची होती, आपल्या गावची होती. ज्या औषधाने घरातला क्षयाचा पेशंट उठून बसला, तेच रानाला चाललं, तर विश्वास बसणारच.

मग बिघडलं कुठे?

स्ट्रेप्टोमायसीन काय करतं ते आधी बघू. जिवाणूच्या आत प्रथिनं बनवणारी यंत्रणा असते. औषध तिला जाऊन चिकटतं, मग ती चुकीची प्रथिनं बनवायला लागते आणि जिवाणू मरतो. कंपनीत काम करणाऱ्यांना सांगायचं तर, सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम बिघडवून टाकला, आता निघणारा प्रत्येक जॉब रिजेक्ट. पण औषध ज्या जागी चिकटतं तिथे जिवाणूत एक बारीकसा बदल झाला की औषध चिकटतच नाही. अब्जावधी जिवाणूंत असा एखादा असतोच. फवारणीत बाकीचे मेले की त्या एकाला सगळं रान मोकळं. दर आठवड्याला फवारलं, की आपणच त्याची पैदास केली.

हे काही नंतर कळलेलं नाही. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोग्यांवरच्या स्ट्रेप्टोमायसीनच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, तेव्हाच रुग्ण आधी सुधारतात आणि काही आठवड्यांत त्यांच्यातले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं. म्हणून तर क्षयावर एकटं औषध द्यायचं नाही, तीन-चार मिळून द्यायची, हा नियम झाला. शेतातही तेच घडलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या नाशपातीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसीनला न जुमानणारे जिवाणू सापडले. पुढे आणखी एक गोष्ट कळली, ती जास्त काळजीची. ही ताकद देणारी जनुकं जिवाणू एकमेकांना देतात, दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही. स्ट्रेप्टोमायसीन निकामी करणाऱ्या जनुकांची एक जोडी झाडांवरच्या जिवाणूंत सापडली आहे आणि माणसांच्या-जनावरांच्या जिवाणूंतही सापडली आहे. शेतातला जिवाणू आणि दवाखान्यातला जिवाणू यांच्यात भिंत नाही.

आपल्याकडे या पुडीला आठ पिकांसाठी नोंदणी होती. भात, बटाटा, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, सफरचंद, घेवडा, तंबाखू आणि चहा. या यादीत कांदा नाही. डाळिंबही नाही. पण डाळिंबावर तेल्या आला तेव्हा यादी कोण बघत बसणार होतं?

२००२-०३ नंतर तेल्याने महाराष्ट्रातल्या डाळिंबाच्या बागांची काय अवस्था केली हे सांगोला, इंदापूर, सटाणा-मालेगावकडच्या माणसाला विचारा. पानावर तेलकट डाग, मग फळावर डाग, मग फळ उभं तडकतं. हाही जिवाणूच. कर्ज काढून लावलेल्या बागा लोकांनी मुळासकट उपटल्या. अशा वेळी हाताला जे लागेल ते माणूस मारतो. पुड्यांवर पुड्या गेल्या. त्या शेतकऱ्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. त्याच्यासमोर दुसरं काय ठेवलं होतं आपण?

शेवटी सरकार हललं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीत स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन वापरायला बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा काढला. आयात आणि उत्पादन फेब्रुवारी २०२२ पासून बंद, आणि वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद, असा त्यात प्रस्ताव होता. कारण स्पष्ट होतं: माणसांसाठी ही औषधं शिल्लक राहायला हवीत. क्षयरोगाचं जगात सर्वात जास्त ओझं भारतावर आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात आजही स्ट्रेप्टोमायसीन हे हाताशी ठेवायचं औषध आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, पुडी बंद करा. पण मग शेतकऱ्याने करायचं काय? मला वाटतं याचं उत्तर झाडातच शोधायला हवं.

आपण समजतो झाड म्हणजे गरीब बिचारं, रोग आला की मरतं. तसं नाही. आजूबाजूला लाखो प्रकारचे जंतू असताना बहुतेक झाडं बहुतेक रोगांना दाद देत नाहीत. रोग होणं हा अपवाद आहे. पानावर मेणाचा थर असतो. आत शिरायची भोकं झाड गरजेला मिटून घेतं. पेशीच्या बाहेरच्या बाजूला पहारेकरी प्रथिनं असतात, ती जंतूचा एखादा तुकडा ओळखतात आणि आत वर्दी देतात. मग झाड एक विलक्षण गोष्ट करतं. जिथे जंतू शिरला तिथल्या आपल्याच पेशी मारून टाकतं. आजूबाजूचं गवत जाळून वणवा अडवतात ना, तसं. जंतूला खायला काही उरत नाही, तो तिथेच अडकतो.

कडा करप्याचंच उदाहरण घ्या, म्हणजे पिंपरीत नोंदवलेल्या रोगाची गोष्ट पुरी होईल. आफ्रिकेतल्या माली देशातला एक जंगली भात कटकच्या भात संशोधन संस्थेत आला होता. १९७० च्या दशकात तिथे दिसलं की कडा करपा त्याला लागतच नाही. तो भात फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत गेला, त्याचा गुण लागवडीच्या भातात आणला गेला, आणि १९९५ मध्ये अमेरिकेत पामेला रोनाल्ड यांच्या गटाने त्यामागचं जनुक वेगळं काढलं. नाव एक्सए-२१. हा वर सांगितलेला पहारेकरीच.

दुसरं एक जनुक, एक्सए-१३, त्याहून गमतीचं आहे. कडा करप्याचा जिवाणू भाताच्या पेशीत आपलं प्रथिन सोडून पेशीतली साखर बाहेर सोडणारं दार उघडायला लावतो आणि बाहेर बसून ती खातो. एक्सए-१३ असलेल्या भातात त्या दाराचं कुलूपच वेगळं असतं. जिवाणूची किल्ली लागत नाही. तो उपाशी राहतो.

हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या संस्थेने अशी तीन जनुकं सांबा मसुरी या लोकप्रिय भातात एकत्र आणली. २००८ च्या सुमारास ती जात शेतकऱ्यांपर्यंत आली. चव तीच, दाणा तोच, फक्त कडा करप्याला टिकणारी. कडा करप्यासाठी पुडी लागत नाही, पंपही लागत नाही. जो खर्च झाला तो एकदाच झाला, प्रयोगशाळेत.

पण 'प्रतिकारक बियाणं आणा, प्रश्न संपला' इतकं हे सोपं नाही. आपल्या आजोबांना विचारा, बाजरीला काय झालं होतं. खेड-शिरूरकडचं मुख्य अन्न बाजरी. १९६५ मध्ये देशातली पहिली संकरित बाजरी आली, एचबी-१, मग तिची भावंडं. उत्पन्न वाढलं, लोकांनी घरचं बी टाकून हेच लावलं. या संकरित जातींची आई एकच, अमेरिकेतून आलेली. तिला इथल्या 'गोसावी' रोगाची सवय नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला साथ आली आणि कणसाच्या जागी पानांचा झुपका, गोसाव्याच्या जटांसारखा. दाणा नाही. गावरान बाजरीत दहा प्रकारची ताटं असायची, काही मरायची, काही तगायची. एकसारख्या पिकात एक ताट गेलं की सगळं रान गेलं.

म्हणजे झाडाचा प्रतिकारही मोडतो. एकाच जनुकावर सगळी भिस्त ठेवली तर जंतू तेवढंच शिकून घेतो. म्हणून सांबा मसुरीत तीन घातली, एक नाही. क्षयाला तीन-चार औषधं एकदम द्यायची, तेच गणित. पुडी असो की जनुक, एकट्यावर विसंबलं की ते बोथट होतं. इतक्या वर्षांच्या इतिहासाचं माझ्या लेखी सार हे आहे.

आणि जिथे प्रतिकारक जातच नाही तिथे? डाळिंबात तशीच अडचण आहे. बाजारात चालणाऱ्या जातींत तेल्याला टिकणारी एकही नाही. सोलापूरला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्यांच्या शिफारशींची यादी काढून बघा: रोपं निरोगी मातृवृक्षाची किंवा ऊतीसंवर्धित घ्या. पावसात सापडणारा मृग बहर टाळा, बागेला तीन-चार महिने विश्रांती द्या. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा. रोगट फांद्या-फळं गोळा करून जाळा. छाटणीनंतर बोर्डो मारा. यातलं काय नवीन आहे? बांगडीवर सांगितलेलं निरोगी बेणं आणि पुसलेली विळी, तेच आहे हे. मधल्या पन्नास वर्षांत पुडी होती म्हणून आपण ते विसरलो होतो.

कांद्याचंही तेच. चाकणहून नाशिक रस्त्याला लागलं की राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९८ पासून ते तिथे आहे. आपल्यापैकी कितीजण त्या गेटच्या आत गेलेत? खरिपात कांदा सपाट वाफ्यात न लावता गादीवाफ्यावर लावा म्हणजे पाणी साचत नाही, रोपवाटिकेची जागा बदला, बीजप्रक्रिया करा, कांद्यावर कांदा घेऊ नका, नत्र उशिरा आणि जास्त टाकू नका. फवारणी करायचीच तर बुरशीनाशक, तेही दर वेळी एकच नको. अँटिबायोटिकला यात कुठेच जागा नाही.

आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हे कळायला अवघड नाही. कंपनीत आपण रोज पाटी वाचतो: ब्रेकडाऊन मेंटेनन्स महाग, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स स्वस्त. मशीनला तेलपाणी वेळेवर करणारा तोच माणूस घरी रानात गेला की पीक पडेपर्यंत थांबतो आणि मग दुकानात जातो. त्याची चूक आहे का? अर्धीच. तो दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात शेती करतो. वाफे बदलायला, रोज पात न्याहाळायला त्याला वेळ नाही, माणूस मिळत नाही. पुडी ही वेळ नसलेल्या माणसाची सोय आहे. हा प्रश्न जसा शेतीचा, तसा आपल्या औद्योगिक पट्ट्याच्या जगण्याचाही आहे.

आता शेवटचं, आणि मला बोचणारं.

ज्या एच.ए.मधून हे सगळं सुरू झालं, ती १९९० च्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जादा जमीन विकून देणी भागवायची आणि पुढे कंपनीच विकायची, असा निर्णय घेतला. त्या जमिनीवर काय होणार, किती एफएसआय मिळणार, यावर आपल्या शहरात भरपूर चर्चा होते. तिथल्या प्रयोगशाळेत काय घडलं होतं यावर एक वाक्य कुणी बोलत नाही. ज्या जीवाच्या शास्त्रीय नावात आपलं गाव आहे, त्याची एक पाटीही या शहरात मला दिसलेली नाही.

मला जुनं दिवस परत आणायचे नाहीत. माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक: पिकांवर अँटिबायोटिक बंद करायचं तर शेतकऱ्याच्या हातात त्याआधी काहीतरी द्या. निरोगी रोपं आणि बेणं यांची हमी, तालुक्याला रोगाचं नमुना-निदान, तेही दोन दिवसांत. पात घेऊन गेलं की हा बुरशीचा, हा जिवाणूचा, असं कुणीतरी सांगायला हवं.

दोन: पुडी विकणाऱ्याने पीक आणि रोग विचारूनच विकावं. माणसांच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी मागतात, मग रानाच्या औषधाला का नाही?

तीन: महापालिकेने एच.ए.च्या परिसरात एक छोटं संग्रहालय करावं. पेनिसिलीनच्या टाक्या, तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी, कुलाब्याचा तो भात, आणि पिंप्रिना. पोरांना कळू दे की या गावाने फक्त गाड्या नाही बनवल्या.

आणि आपण स्वतः काय करायचं? पुढच्या वेळी दुकानात 'करप्यावर काहीतरी द्या' म्हणू नका. पान तोडून बरोबर न्या आणि विचारा, "हा कशाचा आहे?" दुकानदाराला सांगता आलं नाही तर राजगुरुनगर लांब नाही.

त्या पोराला हे सांगायचं राहून गेलं. त्याचं नाव माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाचा तो भाऊ, मित्र, शेजारी असेल तर ही पोस्ट त्याच्यापर्यंत जाऊ दे.

तुमच्या घरात कुणी एच.ए.त, विशेषतः संशोधन विभागात काम केलं असेल, तर त्यांच्या आठवणी खाली जरूर लिहा. काही चुकलं असेल तर तेही सांगा, दुरुस्त करीन.